आखूड पडलेलं कापड

१

आमच्या दुकानात गिऱ्हाइकाला "या" म्हणायचं नसतं. "आणखी काही देऊ का" हेही विचारायचं नसतं. समोरच्यानं मागितलं तेवढं काढून द्यायचं आणि मान खाली घालून पुढच्या कामाला लागायचं. नवी नवरी म्हणून अमळनेरहून सुरतला आले तेव्हा हे मला फार जड गेलं, कारण माझी जीभ आधीपासूनच लांब.

कतारगामच्या रस्त्यावर, नदीकडे वळायच्या अलीकडे, आमचं मर्तिकाच्या सामानाचं दुकान. बांबू, सुतळी, मडकी, गोवऱ्या, गुलाल, तुळशीच्या माळा आणि मांजरपाटाचे तागे. आख्खं सुरत रंगीत चमचमत्या साड्या विणतं आणि आम्ही मालेगावहून पांढरं कोरं कापड मागवतो. दुकान सुरू केलं सासूबाईंनी, प्रमिलाबाईंनी. माझे यजमान हिलाल तेव्हा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होते. पुढे छातीत कापसाचा भुगा भरला, खोकला धरला, आणि तेही दुकानात येऊन बसले. तोंडानं मी त्यांना "अहो" म्हणते, लिहिताना मात्र नाव लिहिते. लिहिलेलं कोण ऐकतंय!

हिलाल हा अगदी भलता दुकानदार. मोठ्या दवाखान्याजवळच्या दुकानांत रडणाऱ्या माणसाच्या गळ्यात चंदनाचं लाकूड, पितळी कलश, रेशमी शाल असं काय काय मारतात. आमच्याकडे कुणी शाल मागितली तर हे म्हणणार, "भाऊ, ती जळणार आहे. त्यापेक्षा पोरांच्या फीला ठेव." मी चिडवायचे, असंच चाललं तर एक दिवस दुकानालाच तिरडी बांधावी लागेल. त्यावर ते हसायचे. पण मयताच्या घरचा माणूस दारात उभा राहिला की हातातला घास ताटात टाकून उठायचे. दुःखातल्या घराला थांबवून ठेवायचं नाही, हा त्यांचा एकच धर्म होता. बाकी देवाधर्माशी त्यांचं फारसं देणंघेणं नव्हतं.

सासूबाईंचा मात्र एक नियम होता, आणि तो फार कडक होता. कापडासाठी उंची लागते. गिऱ्हाईक सहज कुणाकडे तरी बोट दाखवतं, "यांच्याएवढे होते" म्हणतं. ते ऐकायचं नाही. दुकानाच्या चौकटीकडे हात करायचा आणि विचारायचं, दाराच्या कुठपर्यंत येत होते? मग त्या खुणेवर कापड फाडायचं. "जित्ता माणूसवर मयतनं माप लेवानं नही," सासूबाई गावाकडच्या बोलीत म्हणायच्या. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. या कापडाला कात्री लावत नाहीत, शिवण घालत नाहीत, तसंच हेही असेल असं मी धरून चालले होते.

२

प्लेगच्या साथीनंतर शहर धुऊन पुसून लख्ख झालं होतं, त्यानंतरच्या एका हिवाळ्यातली ही गोष्ट. दुपारी जेवणं झाली की आमच्या रस्त्यावर एक पेंग उतरते. मागच्या गल्लीतल्या लूमची खटखट चालूच असते, पण तिची इतकी सवय झालेली असते की तिच्यातच डोळा लागतो. सासूबाई आत आडव्या झाल्या होत्या. हिलाल मडकी वाजवून वाजवून फुटकी बाजूला काढत होते.

तेवढ्यात एक गृहस्थ आले. पांढरा शर्ट, खांद्यावर पंचा, वय सांगता येऊ नये असा चेहरा. म्हणाले, "कापड हवंय. पुरुषाचं."

सुरतेत मराठी माणूस तोंड उघडतो आणि धुळ्याचा की नंदुरबारचा की कोकणातला, ते पहिल्या वाक्यात कळतं. हा आमचा खेळच असतो. या माणसाच्या मराठीला मात्र कुठलाच जिल्हा नव्हता. मला ते जरा खटकलं, आणि लगेच मी विसरूनही गेले.

"दाराच्या कुठपर्यंत येत होते?" मी विचारलं.

त्यांनी चौकटीकडे पाहिलंच नाही. हिलालकडे पाहिलं, डोक्यापासून टाचेपर्यंत, सावकाश. "यांच्याएवढे."

"तसं नको, दाराशी सांगा," मी म्हणाले.

"दार मला कळत नाही," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. खरोखर भरून आले.

हिलालना ते सोसवेना. "अगं, घरात मढं आहे त्यांच्या, चौकटीशी कसल्या परीक्षा घेतेस?" असं म्हणून ते उठले, ताग्याचं टोक आपल्या टाळूवर धरलं आणि हसून म्हणाले, "घ्या, माझ्याएवढे तर माझ्याएवढे."

मी खाली वाकून टाचेपाशी दातानं कापड चिरलं आणि टर्रकन फाडलं. त्या माणसानं ते दोन्ही हातांवर घेतलं, झोपलेलं मूल घ्यावं तसं. बांबू मागितले नाहीत, मडकं मागितलं नाही. आणि आम्हाला विचारायची मुभा नव्हती.

३

दुसऱ्या दुपारी तेच गृहस्थ पुन्हा दारात. हातात ते कापड, व्यवस्थित घडी घातलेलं.

"आखूड पडलं," ते म्हणाले.

आमच्या धंद्यात गेलेला माल परत येत नाही. नासका नारळसुद्धा परत येत नाही. दुकानाच्या उंबऱ्यातून एकदा बाहेर गेलं की ते तिकडचं झालं. मी तसं सांगायला तोंड उघडलं, तर हिलाल माझ्याआधी पुढे होऊन ते कापड घेऊन मोकळे! माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "त्या माणसाला आज नियम सांगायचे का?"

"म्हणजे गेलेले अजून घरातच आहेत?" मी त्या गृहस्थांना विचारलं. कालपासून आज, म्हणजे फारच झालं.

"थांबलोय आम्ही."

"गावाहून कुणी यायचंय का?"

"हो," ते म्हणाले. "यायचेत."

हिलालनी हातभर जास्त लांबीचं नवं कापड फाडून दिलं. ते गेल्यावर जुनी घडी मी उचलली आणि चटकन खाली ठेवली. कापड कोमट होतं. अंथरुणातून नुकतंच कुणी उठलं की गोधडी असते तसं. उन्हातून आणलंय, माणसानं छातीशी धरलेलं असणार, मी मनाशी म्हटलं. मला कुठल्याही गोष्टीचं कारण लगेच सापडतं.

सासूबाई आतून आल्या, घडी उचलून नाकाशी नेली आणि माझ्यापुढे धरली. "येले हिलालना तेलना वास येस."

"आवळ्याचं तेल आहे, सासूबाई. अर्धं सुरत तेच लावतं."

"मी त्यानी माय शे," त्या म्हणाल्या.

४

तिसऱ्यांदा ते आले तेव्हा मी त्यांची वाट बघत होते, हे मला त्यांना पाहिल्यावर कळलं.

"लांबीला बसलं," ते म्हणाले. आवाजात समाधान होतं. "फक्त डाव्या खांद्याला जरा सैल आहे. तिकडचा खांदा उतरता आहे."

हिलालनी लूमवर वर्षानुवर्षं सूत गुंडाळलेले जड बीम डाव्या खांद्यावर वाहिलेत. त्यांचा तो खांदा उतरलाय. सदरा शिवतानासुद्धा शिंप्याला सांगावं लागतं. मी हिलालकडे पाहिलं तर ते तोच खांदा नकळत वर ओढून धरत होते, शाळेतल्या मुलाला "नीट उभा राहा" म्हटल्यासारखे.

"तुमचं नाव काय हो?" मी विचारलं. माझा आवाज मलाच चढलेला वाटला.

"शालिग्राम."

"आणि कोण गेलं तुमच्याकडे?"

ते उत्तर द्यायच्या आत सासूबाई आतून आल्या. पदर खोचलेला होता. त्या सरळ चौकटीला पाठ लावून उभ्या राहिल्या, टाचा जुळवून, हनुवटी वर करून. "मनं माप ले," त्या म्हणाल्या. "मी म्हतारी व्हयनू. मनंच ले."

शालिग्रामांनी हात जोडले. जुन्या गिऱ्हाइकाशी शिंपी बोलतो तितक्या अदबीनं म्हणाले, "आजी, तुमचं माप आहे आमच्याकडे."

पाठीमागे लूमची खटखट चालूच होती. वेडा आहे, मी स्वतःला सांगितलं. दुःखानं डोकं फिरलेला माणूस आहे, आणि आम्ही तिघं त्याच्या नादी लागलोय. असली माणसं आमच्याकडे येतात. एकदा एक बाई जिवंत नवऱ्यासाठी मडकं घेऊन गेली होती, तो दारू सोडत नाही म्हणून. मग मी साधा प्रश्न केला, "राहता कुठं?"

"कोसाडला. वसाहतीत, पाण्याच्या टाकीमागं. कुणीही दाखवेल."

५

त्यांचं खोटं पकडायला मी कोसाडला जातेय, असंच मी धरून चालले होते. घरात सांगितलं नाही. जेवणं उरकली आणि वाटेत माणसं भरून घेत जाणाऱ्या शटल रिक्षात बसले. अमरोलीच्या पुलावर आलो तेव्हा खाली तापी इतकी संथ होती की वाहते आहे की नाही कळेना. रिक्षातल्या बाया आपापसांत मेथीच्या जुड्यांबद्दल बोलत होत्या आणि मला त्यांचा हेवा वाटला.

वसाहतीत सारख्याच खोल्यांच्या ओळी होत्या. दोऱ्यांवर कपडे वाळत होते, नळावर एक बाई भांडी घासत होती. मी काही विचारायच्या आत तिनं राखेचा हात टाकीकडे केला. "मयतवालं घर ना? तिकडं."

बाहेरच्या ओट्यावर पुरुष बसले होते, खांद्यावर पंचे टाकून, गप्प. मला पाहून त्यांनी पाय जवळ घेतले आणि वाट करून दिली. दार उघडंच होतं. आत भिंतींना टेकून बायका बसल्या होत्या. रडत कुणी नव्हतं. मधल्या फरशीवर आमचं मांजरपाट अंथरलेलं होतं, सुरकुती नसलेलं, आणि एका टोकाला कणकेचा दिवा तेवत होता. खोलीत दुधाळ उजेड होता, कुठून येत होता ते कळत नव्हतं. मला एकदम झोप आल्यासारखं झालं. इतकं शांत मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं, आणि त्याचीच मला भीती वाटली.

कापडावर कुणी नव्हतं. कापडाखालीही कुणी नव्हतं, ते फरशीला चिकटून सपाट होतं. मी ते डोळ्यांनी नीट पाहून घेतलं.

बायका सरकल्या. दिव्याजवळ, उशाशी, एका माणसाची जागा झाली. "बसा," एक बाई म्हणाली. तिच्याही बोलण्याला जिल्हा नव्हता. "त्यांना अजून वेळ लागेल का?"

"कुणाला?"

नवखं कुणी भलतंच विचारलं की आपण त्याला सांभाळून घेतो, तशी ती माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्यात कापडाचा मधला भाग किंचित वर आला. मग खाली बसला. परत वर आला. जेवून दुपारी आडवा झालेला माणूस असतो ना, अगदी त्या चालीनं. पंख्याचा वारा असेल म्हणून मी वर पाहिलं. पंखा बंद होता.

मी तिथून कशी बाहेर पडले, कोणत्या रिक्षात बसले, मला आठवत नाही.

६

हिलाल दुकानातच होते. गोणपाटावर आडवे, तोंडावर वर्तमानपत्र, पोट संथ वर-खाली. मी त्यांना गदागदा हलवून उठवलं आणि रडायच्या बेतात सगळं सांगितलं. सासूबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या.

मला वाटलं होतं हे हसतील. मला हसायलाच हवं होतं कुणीतरी. पण त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाले, "म्हणजे ती माणसं खरंच थांबली आहेत?"

"अहो, तिथं कुणी मेलेलंच नाही!"

"दिवा होता म्हणालीस ना उशाशी?"

"होता."

"मग?" ते म्हणाले. "दिवा लावून घर किती वेळ ताटकळत ठेवायचं?"

त्या क्षणी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. त्या माणसांची नाही, माझ्या नवऱ्याच्या चांगुलपणाची. मी शटर ओढून घेतलं. सासूबाईंनी परत आलेली ती घडी, ताग्याचं उरलेलं टोक, सगळं चुलीत घातलं. ते जळेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. हिलाल येरझाऱ्या घालत राहिले. आमच्या दुकानानं आजवर एकाही घराला थांबवलेलं नाही, असं ते दोनदा पुटपुटले. मी दोन्ही वेळा ऐकलं नाही असं दाखवलं.

७

ते सगळेच आले. दुसऱ्याच दिवशी, लख्ख उन्हात. शटर बंद होतं, पण त्यांनी वाजवलं नाही, हाक मारली नाही. शटरच्या फटीतून मला त्यांचे पाय दिसले. काही दुकानापुढच्या फळीवर बसले होते, काही फुटपाथवर, बायका भिंतीच्या सावलीत. समोरच्या चहाच्या टपरीवरचा छगन मोठ्यानं म्हणाला, "हिलालभाई, तमारा महेमान तडकामां बेठा छे!"

"लोके बाहेर उनमा बठेल शेतस," हिलाल मला म्हणाले. एकदम गावाकडची बोली. सुरतेत आल्यापासून ते माझ्याशी असं फक्त आजारपणात बोलायचे.

"बसू द्या."

"बरं दिसस का?" असं म्हणून त्यांनी शटर वर केलं.

दुकान भरलं. कुणी काही मागितलं नाही. शालिग्राम मडक्यांजवळ बसले आणि शांतपणे म्हणाले, "आमची घाई नाही." त्यांनी ओरडाआरडा केला असता तर बरं झालं असतं. घाई नाही म्हटल्यावर हिलालचा चेहरा शरमेनं काळवंडला.

मी पुढे झाले. "शालिग्रामभाऊ, चूक आमची झाली. जिवंत माणसावर माप घेतलं. कापड परत द्या, विषय संपवा."

"गेलेलं परत घेत नाहीत ना तुमच्यात?" ते म्हणाले. टोमणा नव्हता, खरंच विचारत होते. "आम्हाला वाटलं होतं ते आखूड कापड तुम्ही परत घेणार नाही. तुम्ही घेतलंत. मग आम्ही यांच्या अंगाला बेतत बेतत आणलं." माझ्यावर उपकार करावे तसे, ते म्हणाले, "दुसरं माप दिलंत तरी चालेल. कुणाचंही. तुम्ही सांगाल ते."

त्याच वेळी छगन चहाचे ग्लास घेऊन आत आला. उंच, पोटानं सपाट, मान वाकवूनच आमच्या दारातून येणारा छगन. त्याच्या घरी दोन लहान मुली. अगदी हिलालच्या उंचीचा. माझे डोळे त्याच्यावर गेले आणि तिथंच राहिले. ओठ हलले की नाही, मला माहीत नाही. शालिग्रामांनी मात्र माझ्या नजरेमागे मान वळवली.

"उज्ज्वला," हिलाल म्हणाले.

लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी मला कधी इतक्या मऊ आवाजात हाक मारली नव्हती.

"माणूस निवडनं आपलं काम नही वं."

छगननं ग्लास वाटले, "चलो, हूं जाऊं," म्हणाला आणि गेला. त्याला काहीच कळलं नाही. मी हिलालचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली, जोर न लावता, मग पंच्यानं तोंड पुसलं, पायात चपला घातल्या.

८

हिलाल उठले तेव्हा सगळे उठले.

एका वेळी. पुरुषांनी खांद्यावरचे पंचे सारखे केले. कुणीतरी माझ्या नवऱ्याला पुढे केलं, कुणी त्यांच्या डाव्या अंगाला झालं, कुणी उजव्या. हिलाल आपल्या पायांनी चालत होते. शालिग्राम त्यांना काही सांगत होते आणि ते मान हलवत होते. रस्त्यात एक सायकलवाला घंटी वाजवून बाजूला झाला आणि त्यानं कपाळाला हात लावून नमस्कार केला.

बायका उंबऱ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या, बायकांनी थांबायचं तिथंच. कोसाडला मला बसा म्हणालेली बाई माझ्या शेजारी होती. तिनं माझा दंड धरला, घट्ट, मायेनं. दुसरीनं पाठीवर हात ठेवला.

"आता रडून घ्या, बाई," ती म्हणाली. "मोकळ्या व्हा."

नदीकडच्या वळणावर ते सगळे थांबले होते आणि वळून माझ्याकडे बघत होते. हिलालसुद्धा. मग मला कळलं, ते का थांबलेत. आमच्याकडे घरची बाई मोकळी होऊन रडल्याशिवाय मंडळी पुढे सरकत नाहीत. जाणती माणसं अडवतात, आधी तिला रडू द्या म्हणतात. इतकी वर्षं सामान विकलं, किती घरांत मी स्वतः हे पाहिलं आहे. सासूबाईंना ते माझ्याआधी कळलं होतं. त्या दुकानाच्या कोपऱ्यात भिंतीला खेटून बसल्या होत्या आणि त्यांनी पदराचा बोळा करून तोंडात कोंबला होता.

मी दात आवळून उभी आहे. बाई माझी पाठ चोळते आहे, पुन्हा पुन्हा तेच सांगते आहे, तिला घाई नाही. हिलाल वळणावर आहेत, मला दिसताहेत. समोरून ऊन सरळ डोळ्यांत येतंय आणि डोळे भरून येताहेत, पण ते उन्हामुळे, असं मी रस्त्यावर सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगते आहे.